क्रॅनेजची दोन रिकामी वर्षं

१५ फेब्रुवारी २०२६, रविवार. कामरगाव

चार महिने ही वही उघडली नाही, त्याबद्दल वहीचीच माफी मागतो. शेवटची नोंद ऑक्टोबरातली आहे: "आईला आज पाणीही उतरत नाही." तिसऱ्या दिवशी ती गेली. पुढे लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, पण पेन हातात घेतलं की वाटायचं, हे खरं लिहितो आहे की चांगलं दिसावं म्हणून? त्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

सहा वर्षं आई अंथरुणावर होती. आम्ही तिचं सगळं केलं. हे वाक्य पुन्हा वाचलं आणि दुरुस्त करतो: मंजुषाने केलं. मी औषधांच्या वेळांचा तक्ता करून भिंतीवर लावला होता.

आज महाशिवरात्र, कॉलेजला सुट्टी. पुण्याच्या प्रकाशकांच्या 'खेळाडू कोशा'चं काम पुढे नेलं. परदेशी खेळाडूंच्या चाळीस नोंदी मराठीत करायच्या आहेत. एकतीस झाल्या. आजचा गडी अल्बर्ट क्रॅनेज, इंग्लंडचा व्यावसायिक फुटबॉलपटू. जन्म १८८२. बाप सूतगिरणीत, हाही बाराव्या वर्षापासून गिरणीत. १९०३ ला थॉर्नशॉ रोव्हर्स या क्लबाने त्याला घेतलं. उजव्या बगलेने धावायचा. पाच हंगाम, १४२ सामने, ३१ गोल. मग दोन वर्षं काहीच नाही. मग दुसऱ्या एका क्लबाकडून नऊ सामने आणि गुडघा गेला. माझ्याकडे तीस ओळींचं इंग्रजी टिपण आहे आणि सिगारेटच्या पाकिटात मिळायच्या त्या चित्राची एक नक्कल.

"आपल्या कारंज्याच्या जिनिंगमधला कापूस कदाचित त्याच गिरणीत गेला असेल" असं एक वाक्य लिहिलं होतं. वाक्य छान होतं. पुरावा नव्हता. खोडलं.

नोंद झाली की पहिल्यांदा मंजुषा वाचते. ती लग्नाआधी गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळायची, चढाईला तिच्याइतकी चपळ मुलगी जिल्ह्यात नव्हती. मी त्याच मंडळाचा चिटणीस होतो, अक्षर चांगलं म्हणून. खेळलेल्या माणसाला कळलं तर कोणालाही कळेल, असा माझा हिशोब. भगर ढवळता ढवळता तिने चित्र पाहिलं.

"गडी बरा दिसते. मिश्याच लय मोठ्या हायेत. पयताना तोंडात जात असतीन."

१८ फेब्रुवारी, बुधवार

मंजुषाला अमरावतीहून पत्र आलं आहे. मुलींच्या एका कबड्डी केंद्रात शिकवायला बोलावलं आहे, तिथेच वसतिगृहात राहून. तिच्यासोबत खेळलेली एक बाई तिथे व्यवस्थापक आहे, तिने नाव सुचवलं. होकार-नकार पाडव्यापर्यंत कळवायचा.

तिने पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मी दोनदा वाचलं. म्हटलं, बारावीच्या परीक्षेची ड्युटी चालू आहे, घाईत ठरवू नये, पाडव्याच्या सुमारास शांतपणे बसू. हरवू नये म्हणून क्रॅनेजच्या कागदांसोबत माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन घेऊन अंगणात गेली. बराच वेळ बोलत होती, बहुधा समीक्षाशी. पोरगी पुण्यात नोकरीला लागल्यापासून दोघींचं फोनवर फार चालतं.

मला वाटतं, ती नाहीच म्हणेल. अमरावती दीड तासाची गाडी. शिवाय पंचेचाळीशीत मुलींमागे धावणं सोपं नाही. पण हे मी तिच्या तब्येतीसाठी म्हणतो आहे की कसं, हे तपासून पाहायला हवं.

२२ फेब्रुवारी, रविवार

क्रॅनेजच्या दोन वर्षांपुढे टिपणात एकच ओळ आहे. तिचा अर्थ, क्लबाने त्याला "राखून ठेवला". हे वाचकाला समजावणं कठीण. मंजुषा गवारीच्या शेंगा मोडत बसली होती, तिलाच सांगून पाहिलं.

त्या काळी खेळाडूचा करार एका हंगामाचा असायचा. हंगाम संपला की क्लब यादी करायचा, कोणाला राखायचं आणि कोणाला सोडायचं. राखलेल्याला नवा करार नको असेल तर त्याला पगार नाही, पण दुसऱ्या क्लबाकडून खेळायचीही परवानगी नाही. क्रॅनेजला दक्षिणेकडच्या एका संघाने बोलावलं होतं. थॉर्नशॉने सोडला नाही. दोन वर्षं तो सासऱ्याच्या दुकानात बटाटे मोजत होता.

"म्हंजे खेळूबी देत नव्हते न सोळतबी नव्हते?"

"हो. कायदेशीर होतं ते."

"कायदेशीर तं असनच." तिने एक शेंग बाजूला टाकली, किडकी होती. "कायले ठेवत होते मंग?"

"दुसरीकडे गेला तर आपल्याच विरुद्ध खेळेल म्हणून."

"असं हाये होय. मले वाटलं, आवडत असन म्हणून."

मी हसलो. ती हसली नाही, पण तिचं लक्ष शेंगांत होतं.

मग अडलेला शब्द विचारला. क्लब खेळाडूला मोकळा करताना जो कागद द्यायचा त्याला मराठीत काय म्हणावं? मुक्तिपत्र, मोकळीक-पत्र, सगळं ओबडधोबड वाटतं.

"सोडचिठ्ठी," ती म्हणाली.

"अगं, ती नवरा-बायकोची."

"कागद तं कागदच ना. ज्याले पाह्यजे त्याच्यापाशी नसते, न ज्याच्यापाशी असते त्याले द्यावा वाटत नाही."

शब्द एकदम चपखल आहे. अवतरणात घालून वापरला. असा शब्द मला एम.ए. करूनही सुचला नसता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

२७ फेब्रुवारी

परीक्षेची ड्युटी. घरी यायला सहा वाजले. आमच्या शेतावरच्या गड्याची बायको रुपाबाई सांगत होती की मंजुषा पहाटे शाळेच्या मैदानावर पळायला जाते. मला माहीत नव्हतं. पळून गुडघे दुखत नाहीत ना, हे विचारायचं राहिलं.

४ मार्च, बुधवार

धुळवड. रंगाच्या भीतीने घरातच बसलो. मंजुषाने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: ज्वारीचं पीठ, मुंगदाळ, मोहरी, बेसन. पंचवीस वर्षांत कधी गरज पडली नाही, पण वय होतं तसा माणूस विसरतो, चांगली सवय आहे. तूरडाळीचा 'तु' ऱ्हस्व लिहिला होता, मी दीर्घ करून दिला.

मग तिने मला भाकर करायला बसवलं. पाणी किती ऊन हवं, पीठ किती मळायचं, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी कधी फिरवायचं, सगळं दाखवलं. माझी पहिली भाकर कडेने फाटली.

"फाटू द्या. आपल्यालेच खाची हाये," ती म्हणाली. "तीन-चार रोज हात बसला की जमते."

तिसरी बरी झाली. मजा आली, खरंच. खूप दिवसांनी आम्ही इतका वेळ चुलीपाशी एकत्र होतो. पुढच्या महिन्यापासून सकाळच्या कामाला रुपाबाई येणार, हेही तिने परस्पर ठरवलं आहे. ठीक आहे. आईच्या आजारपणात ती फार थकली, तिला आराम हवाच होता.

८ मार्च, रविवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे माझ्या बाजूने काही सरकणार नाही.

सकाळी फुलसिंग आला. हा रुपाबाईचा नवरा, नऊ वर्षांपासून आमच्या शेतावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, आहे. पुढच्या सालाचं बोलायला आला होता. मी म्हटलं, मार्चअखेर बसू.

"मार्चले कुठं साल संपते, सर? पाडव्याले संपते. औंदा पाडवा एकोणीसले हाये. एकोणीसच्या पुढं मी मोकया. तुमी ठेवलं तं राह्यतो, नाही तं किन्हीराजाचा एक पाटील बलावून राह्यला."

तो गेल्यावर सुचलं, क्रॅनेजच्या नोंदीत तळटीप द्यावी: आपला सालदारही पाडव्याला मोकळा होतो, तो फुटबॉलवाला होत नव्हता. वऱ्हाडातल्या वाचकाला लगेच कळेल. आमच्या मंडळाच्या नियमातही 'साल' हा शब्द होता असं अंधुक आठवत होतं. पंजाबराव वस्तादांनी मंडळ काढलं तेव्हा नियम त्यांनीच सांगितले होते. खात्री न करता लिहायचं नाही, म्हणून माळ्यावरची पेटी काढून रजिस्टर शोधलं.

नियम सातवा: "खेळाडूचे साल पाडवा ते पाडवा. साल भरल्यावर खेळाडूस जायचे असल्यास जाऊ द्यावे, अडवू नये."

त्याच रजिस्टरात मागे मंजुषाचा अर्ज टाचलेला होता. मुंबईच्या एका संघाने तिला निवडलं होतं. मूळ मंडळाचं ना-हरकत पत्र ३० मार्चच्या आत हवं होतं. अर्जाची तारीख २७ मार्च २००१. खाली माझ्या अक्षरात: "हंगाम ३१ मार्च रोजी संपतो. साल अपूर्ण असल्याने ना-हरकत देता येत नाही. – चिटणीस."

मोबाईलवर जुनं पंचांग पाहिलं. २००१ चा पाडवा २६ मार्चला होता.

म्हणजे तिचं साल आदल्याच दिवशी भरलं होतं.

पुढच्या पानावर २००१-०२ ची संघयादी. दहाव्या नावापुढे मीच लिहिलं आहे: "कु. मंजुषा भिवाजी. खेळली नाही."

९ मार्च, सोमवार

चूक तारखेची झाली. मी शिकलेला, मला वर्ष म्हणजे मार्चअखेर हेच सुचलं. वस्तादांचं वर्ष पाडव्याचं. अशी चूक होऊ शकते.

इथवर लिहून थांबलो होतो. पुढचं लिहिलं नाही तर ही वही ठेवण्यात अर्थ नाही.

त्याच आठवड्यात माझ्या वडिलांनी भिवाजीमामांकडे, म्हणजे तिच्या वडिलांकडे, माझ्यासाठी मागणी घातली होती. मला हे माहीत होतं का? हो. ती मुंबईला गेली असती तर लग्न झालं असतं का? बहुधा नाही. मग या दोन गोष्टींचा संबंध होता का? त्या वेळी मी स्वतःला तसं विचारलं नव्हतं. माणूस एखादी गोष्ट विचारत नाही तेव्हा ती नसतेच, असं म्हणता येईल का, मला ठरवता येत नाही.

आणखी एक. रजिस्टरातले आठही नियम वस्तादांच्या हातचे नाहीत. ते लिहिता-वाचता येणारे नव्हते. नियम त्यांनी सांगितले आणि मी उतरवून घेतले, २००० साली, चिटणीस झालो तेव्हा. सातवाही माझ्याच अक्षरात आहे. खाली रेघसुद्धा मारली आहे, पट्टीने.

उतरवताना माणूस वाचत नाही, असंही होतं. वर्गात मुलांचं रोज पाहतो.

१२ मार्च, गुरुवार

पुण्याहून संपादकांचा फोन. नोंद तीस शब्दांनी जास्त आहे. "१९०८ ते १० मध्ये काही घडलेलंच नाही ना? मग ती दोन वर्षं गाळा. १९०८ पर्यंत इकडे खेळला, १९१० पासून तिकडे, झालं."

मी म्हटलं, पाहतो. फोन ठेवल्यावर एक तास बसलो. गाळलं नाही, पण लहान केलं: "१९०८ ते १९१० तो खेळला नाही." मंजुषाला दाखवलं.

तिने वाचलं आणि कागद खाली ठेवला. "हे खोटं हाये."

"खोटं कसं? एकही सामना नाही त्याच्या नावावर."

"खेळला नाही म्हंजे वाचणाऱ्याले वाटन, त्याच्यातच दम नव्हता. नाही तं घरी बायको बिमार असन. त्याले खेळू देल्लं नाही ना? मंग तसं लिहा."

मी लिहिलं: "त्याला खेळू दिलं गेलं नाही."

"कोणं?"

"काय कोणं?"

"कोणं नाही खेळू देल्लं? माणूस हाये ना तो कोणी? नाव घाला ना त्याचं. तुमी तं पोरायच्या पेपरात कर्ता नसला की अर्धा मार्क कापता."

रजिस्टराचं तिला अजून सांगितलेलं नाही. तेव्हाच सांगता आलं असतं. मी शब्द मोजत बसलो.

१५ मार्च, रविवार

सांगितलं.

दुपारी ती परसात वाळलेल्या मिरच्यांचे देठ काढत होती. मी रजिस्टर घेऊन गेलो. नियम सातवा दाखवला, अर्ज दाखवला, पाडव्याची तारीख सांगितली. म्हटलं, "नियमाप्रमाणे तू मोकळी होतीस. माझ्याकडून तारखेची चूक झाली. आज कळलं म्हणून सांगतो." मग दुरुस्त केलं, "आज नाही, आठवड्यापूर्वी कळलं."

तिने रजिस्टराला हात लावला नाही, हाताला मिरची होती.

"मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"तवापासूनच. वस्तादानंच सांगतलं होतं. म्हणे, पोरी, तुहं साल भरलं, कालच पाडवा झाला, चिटणिसाले जाऊन सांग. बाकी पोट्ट्यायच्या बाबतीत कधी अडलं नव्हतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगालेच निंगाली होती. साडी बदलाले घरी आली, पाह्यते तं ओसरीवर तुमचे बाबा न माहे बाबा बसले. सुपारी फुटून राह्यली होती. माय म्हणे, चहा ने." तिने एक देठ मोडला. "मंग कोणाले सांगू? चिटणिसाले का नवरदेवाले?"

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते मला आवडत नाही. मी म्हणालो, "पण चूक तारखेचीच होती, मंजू."

"तुमी तारखेची म्हणता तं तारखेची."

तिचे डोळे भरले होते. मिरचीने असतील. माझेही जळत होते, आणि मी मिरचीला हात लावला नव्हता.

थोड्या वेळाने म्हणालो, अमरावतीच्या पत्राचं बसून बोलू. ती म्हणाली, "पाडव्याले निंगतो मी. दोनच्या गाडीनं."

"रोज येणं-जाणंही होईल. दीड तास तर आहे."

"होते ना. पण मले नाही करायचं."

"माझं काही चुकलं का? म्हणजे हे सोडून."

"नाही हो. तुमी चांगलेच हा. कधी हात उचलला नाही, कधी आवाज चढवला नाही. आत्याबाईच्या औषधाचा तक्तासुदिक केला." तिने मिरच्यांचं सूप उचललं. "मी कंटायली नाही तुमाले. माहं साल भरलं, एवळंच."

म्हणालो, हवं असेल तर मी आताही ना-हरकत लिहून देतो. का म्हणालो कोण जाणे.

"आता मले कोणाच्या सहीचं काम नाही, सर," ती म्हणाली. लग्नाआधी मैदानावर ती मला सर म्हणायची, थट्टेने.

१७ मार्च

समीक्षाला फोन केला. म्हटलं, आईला थोडं समजाव. ती म्हणाली, "बाबा, तिचे पळायचे बूट मीच पाठवले, जानेवारीत." मग "तुम्ही जेवलात का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. भाकर केली होती, फाटली नाही.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

सकाळी गुढी उभारली. साडी तिने दिली, काठी मी बांधली. कडुनिंब-गूळ झाला. फुलसिंग नारळ घेऊन आला. म्हणाला, "राह्यतो, सर, औंदाबी. मन लागलं हाये." मी त्याचे दोन्ही हात धरले. तो घाबरला असावा, कारण असं मी कधी करत नाही.

पुरणाचं जेवण तिनेच केलं. पावणेदोनला आम्ही फाट्यावर होतो. बॅग मी उचलली होती, तिने वाटेत घेतली. म्हणाली, "द्या, वजन नाही." खरंच नव्हतं. पंचवीस वर्षांतलं तिने फारच थोडं नेलं.

अमरावतीचं ते पत्र मी ड्रॉवरमधून आणलं होतं. तिच्या हातात दिलं.

"राहू द्या तुमच्यापाशीच. मी त्याच दिवशी फोनवर हो म्हणून देल्लं होतं."

त्याच दिवशी, म्हणजे १८ फेब्रुवारीला. मी ते जपून ठेवत होतो तेव्हा.

"परत कधी येशील?"

"तिथं साल धरलं हाये. मधात सुटता येत नाही, तुमाले तं नियम पाठ हायेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोहरीचा डबा वरच्या फळीवर हाये. बी.पी.ची गोळी जेवल्यावर घ्या, आधी नका घेऊ." गाडी आली. तिला खिडकीची जागा मिळाली, पण ती खिडकी उन्हाच्या बाजूची होती. तिने पदर डोक्यावर ओढला, त्यामुळे निघताना तिने पाहिलं की नाही, मला सांगता येत नाही. पाहिलं, असं लिहिणार होतो.

घरी येऊन क्रॅनेजची नोंद पुरी केली. दोन वर्षं गाळली नाहीत. आता वाक्य असं आहे: "१९०८ ते १९१० थॉर्नशॉ रोव्हर्सने त्याला खेळू दिलं नाही." शब्द जास्त झाले म्हणून गोल केले कसे, त्याचं वर्णन कापलं. नोंद पाठवली.

मग रजिस्टर काढलं. २००१-०२ ची यादी. "खेळली नाही" वर काट मारावीशी वाटली, पण रजिस्टरात खाडाखोड करायची नसते, हा नियम आठवा, तोही मीच उतरवलेला. दुरुस्ती खाली वेगळ्या ओळीत करायची, तारीख घालायची, सही करायची आणि मंडळाचा शिक्का मारायचा. म्हणून खाली लिहिलं:

"क्र. १०. मी खेळू दिलं नाही. – गोपाल, चिटणीस. १९ मार्च २०२६."

तारीख तीनदा तपासली. शिक्का पेटीच्या तळाशी सापडला, पण पॅड वाळून दगड झालं आहे. थुंकी लावून पाहिली, उमटत नाही.

उद्या: शिक्क्याची शाई आणणे.